कॅलेंडरामागचा तक्ता

माझ्या चुलत सासऱ्यांइतका निलाजरा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका सज्जनही. हे दोन गुण त्यांच्यात वेगवेगळे नव्हतेच. राहायला पुणतांब्याला, पण कोपरगावच्या बाजारात एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. शिकेकाई, वावडिंग, सुंठ, बाळंतकाढा, असलं सगळं तिथं मिळायचं. पण तालुक्यातली पुरुषमंडळी यायची ती अश्वगंधा, गोखरू आणि सफेद मुसळीसाठी. उसाच्या ट्रॅक्टरवरचे ड्रायव्हर, कारखान्यातले फिटर, एखाद्या सोसायटीचे चेअरमन. सगळे दुकानावरून तीनदा पुढं जायचे, तीनदा मागं यायचे, आणि शिकेकाई घेणाऱ्या बाया पांगल्या की आत शिरून कुजबुजायचे. तिथंच फसायचे बिचारे. कारण सासऱ्यांना कमी ऐकू यायचं.

"जरा खालचं दुखणं हाय," गिऱ्हाईक म्हणायचं. "खालचं म्हंजी? गुडघा?" "न्हाई, त्याच्या वर." "मांडी?" "अहो, ते हो... आपलं..." "आपलं न्हाई, तुमचं!" सासरे गरजायचे. "नाव घ्या त्याचं. हाताला हात म्हनता, पायाला पाय म्हनता, मग लिंगाला लिंग म्हनायला जीभ का अडकती?" समोरचा भांडीवाला मान खाली घालून पातेली मोजायला लागायचा. नाव घेतल्याशिवाय पुडी मिळायची नाही, हा दुकानाचा पहिला नियम. चांगले मिशीवाले पैलवान मी तिथं घामाघूम होऊन तो दोन अक्षरी शब्द उच्चारताना पाहिले आहेत. सासऱ्यांचा बहिरेपणा त्या काळात निम्मा खरा आणि निम्मा मुद्दाम पांघरलेला असावा, असा माझा पक्का वहीम आहे.

दुकानात भिंतीवर मानवी शरीराचा एक जुना तक्ता होता, बंद पडलेल्या कुठल्याशा शाळेच्या भंगारातून उचललेला. दुकानात बायामाणसं येतात म्हणून चुलत सासूबाईंनी त्याच्यावर, बरोबर त्या जागी, कॅलेंडर टांगायला लावलं होतं. सासऱ्यांनी हूं की चूं केलं नाही. गिऱ्हाईक आलं की ते लाकडी पट्टीनं चालू महिना अलगद वर उचलायचे आणि शिकवणी सुरू व्हायची. "ह्या रक्ताच्या नळ्या. हितं रक्त आलं की काम झालं. आता रक्त यायला तंबाखू सुटाय पायजे, झोप पायजे, शुगर ताब्यात पायजे. तुमी शुगर कधी तपासली?" माणूस गप्प बसला की महिना खाली पडायचा. "आधी डाक्टरकडं जावा. पुडी कुठं पळून जात न्हाई." असला धंदा करणारा माणूस श्रीमंत व्हायचा कसा? नाहीच झाला.

मोबाईलवर नाही नाही त्या जाहिराती यायला लागल्यापासून इंच वाढवून मागणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. त्यांच्यासाठी सासऱ्यांकडे एकच उत्तर होतं. टोपी काढायची आणि स्वतःचे कान दाखवायचे. आता त्या कानांचं काय वर्णन करू! सुपाएवढे म्हटलं तरी सूप लाजेल. "बघा. आख्ख्या तालुक्यात एवढे कान कुनाला हायेत? न्हाईत ना? आन ऐकू काय येतं? घंटा! मापावर काय न्हाई बाबा. आन माप वाढवायचं औषध माझ्याकडं न्हाई, कुनाकडंच न्हाई. जो हाय म्हनंल त्यो लुच्चा."

दुसरा नियम पहिल्यापेक्षा अवघड होता. पुडी बायकोनंच दुधात कालवून द्यायची, आणि कशासाठी आहे ते तिला सांगूनच. भल्याभल्यांना इथं धाप लागायची. चितळीकडच्या एका गड्यानं घरी खरं न सांगता "गुडघ्याचं औषध" म्हणून पुडी फळीवर ठेवली, तर त्याच्या आईनं ती पंधरा दिवस म्हाताऱ्याला पाजली. म्हातारा स्वतः काठी टेकत दुकानात हजर. "गुडघ्याला लई गुन हाय," म्हणाला, "आनखी द्या!" सासरे महिनाभर ते आठवून हसत होते.

मी मात्र तेव्हा हसण्याच्या परिस्थितीत नव्हतो. मी सावेडीत राहतो, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. लग्नाला आठ महिने झाले होते आणि आमच्यात नवराबायकोसारखं काही घडतच नव्हतं. मी घाबरायचो, जमायचं नाही. मग भिंतीकडं तोंड करून झोपायचो. बायको दिवाळीला पुणतांब्याला माहेरी गेली ती परत यायचं नावच घेईना. फोनवर नुसतं "बघू". मी मोबाईलवरून कसल्याशा कॅप्सूल मागवल्या, तर छाती अशी धडधडायला लागली की सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये मला आडवं करून लिंबूपाणी पाजलं. शेवटी एका रविवारी नगर-मनमाड रोडचे खड्डे खात मी मोटरसायकलवर कोपरगाव गाठलं. विश्वासाचं दुकान तेवढं एकच, आणि ते नेमकं बायकोच्या सख्ख्या चुलत्याचं! माझं नशीबच तसलं. ओळख नको म्हणून मी हेल्मेट न काढता आत शिरलो.

"या पाव्हनं," सासरे म्हणाले, "हेल्मेट काढा, गरम होत असंल."

मी काढलं. म्हणालो, "मामा, एका मित्रासाठी पाहिजे होतं."

"मित्राचं लगीन झालंय?"

"आठ महिने झाले."

"बायको कुठं असती त्याची?"

"सध्या माहेरी आहे."

"पुनतांब्याला?"

मी मान खाली घातली. वाटलं, आता बोळभर दवंडी पिटणार. त्यांनी महिनाही उचलला नाही आणि आवाजही चढवला नाही. पहिल्यांदाच हळू बोलले. "तुमी तर इज्ञान शिकवता. ह्यो धडा शिकवता का?"

"मुलं घरी वाचतात मामा. आम्ही ते पान सोडून देतो."

"घरी कोन वाचतंय? वीस वर्सांनी माझ्याकडं येत्यात ती सगळी." त्यांनी पुडी बांधली. "तुमाला रोग न्हाई, भ्या हाय. नियम म्हाईतच हाय. आत्ता तिकडं गावात घाटावर असंल ती, आईसंगं. जावा."

पुणतांब्याच्या घाटावर, सासूबाई देवळाकडं वळल्यावर, गोदावरीकडं बघत, हातात पुडी धरून, मी माझ्या बायकोला सगळं सांगितलं. शब्द वापरून सांगितलं, कारण नियम तो नियम. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं, मीच आवडत नाही तुम्हाला. आठ महिने मी आरशात बघून रडतेय, आणि तुम्ही एवढंसं बोलला नाहीत?" मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि इतकं हलकंही. त्याच आठवड्यात ती सावेडीला आली. रोज रात्री दूध कालवायची आणि हसायची, मग मीही हसायचो. हसता हसता भीती कधी गेली ते कळलंच नाही. पुढं मुलीच्या बारशाला मी सासऱ्यांना विचारलं, पुडीत होतं तरी काय? "खडीसाखर, बडीशेप आन वेलदोडा," ते म्हणाले. "दूध ग्वाड लागलं का न्हाई?"

दोन वर्षांपूर्वी त्यांचं दुकान बंद झालं. मांडीचं हाड मोडलं, आणि कान तर पुरतेच गेले. बंद करताना त्यांनी तक्ता गुंडाळून माझ्या हातात दिला. "शाळंतनं आल्ता, शाळंत जाऊ द्या." मी भेकड, तो गेल्या वर्षापर्यंत कपाटावरच ठेवला. यंदा मात्र वर्गात टांगला. कॅलेंडर लावलं नाही. मधोमध जिथं वर्षानुवर्षं कॅलेंडर होतं तिथला रंग अजून ताजा आहे, बाकी सगळा उडालाय. मी तो धडा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं शिकवला.

त्या रविवारी आम्ही दोघं पुणतांब्याला गेलो. सासरे ओट्यावर बसले होते. मी जवळ बसून सांगितलं, "मामा, तो धडा शिकवला." त्यांनी कानामागं हात धरला. "काय?" मी आवाज चढवला. "धडा! तक्त्यावरचा!" "कसला धडा?" इथं निम्मं मुद्दाम वगैरे काही नव्हतं, त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं. मग मी उभा राहिलो आणि भर गल्लीत ओरडलो, "लिंगाचा, मामा! लिंगाचा धडा शिकवला!"

समोरच्या दारातून दोन बाया डोकावल्या. आत माझी बायको हसत सुटली. सासऱ्यांचे ते अवाढव्य कान लाल झाले. "हळू बोला की पाव्हनं," ते म्हणाले, "बायामानसं हायेत."

मी खाली बसलो. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग खालच्या आवाजात विचारलं, "हसली का पोरं?"

मी मान डोलावली.

"हसू द्या," ते म्हणाले. "आता माझ्याकडं याय लागनार न्हाईत." आणि बंद दुकानाची किल्ली अजून कनवटीला आहे की नाही, ते त्यांनी हळूच चाचपून पाहिलं.