सपाट रस्त्यावरचं कपाट

इन्शिराहबाईंचं ते उदाहरण बावीस वर्षं चालत आलं होतं, आणि त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता. इजिप्तमधल्या दुम्यात गावात मुलींच्या सरकारी शाळेत त्या दहावीला भौतिकशास्त्र शिकवत. ऊर्जेचा धडा आला की फळ्यावर एक आडवी रेघ मारायची, रेघेवर काड्यांचा माणूस काढायचा आणि त्याच्या पाठीवर एक भलंमोठं कपाट द्यायचं. गावच सुतारांचं. कुठल्याही गल्लीत शिरा, भुसा आणि पॉलिशचा वास. कपाट सुताराकडून पॉलिशवाल्याकडे जातं, तिथून आरसेवाल्याकडे, आणि गल्ल्या अशा अरुंद की सगळं माणसाच्या पाठीवरूनच जातं. पुस्तकातल्या पेटीपेक्षा मुलींना कपाट लगेच कळायचं.

"हा माणूस सपाट रस्त्याने शंभर मीटर चालला," बाई विचारायच्या. "कपाट तोलून धरायला त्याने जो जोर लावला, त्या जोराने कार्य किती केलं?"

मुली गुणाकाराला लागायच्या. बाई हातावरचा खडू झटकायच्या आणि म्हणायच्या, "शून्य! जोर वरच्या दिशेला, चालणं आडवं. कपाट जरातरी वर चढलं का? मग शून्य."

दरवर्षी यावर "अय्या, असं कसं?" म्हणून गलका उठायचा आणि बाई मनातल्या मनात खूश व्हायच्या. गोम एवढीच की इथल्या अरबी भाषेत पुस्तकातलं कार्य आणि पोटापाण्याचं काम यांना शब्द एकच, शुग्ल. बाईंनी त्याचा कधी विचार केला नव्हता. तो शब्द दोन्हीकडे वापरतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

त्या ऑक्टोबरात गलका उठला नाही. आधी एक हसली, मग तीन-चार, मग सगळा वर्गच तिसऱ्या बाकाकडे वळून हसायला लागला. तिथे रुमैसा बसली होती. तिचे वडील कपाटं वाहतात, हे त्या खोलीत फक्त बाईंनाच ठाऊक नव्हतं.

"रुमैसाच्या बाबांचं शुग्ल शून्य!" मागून रोदैना ओरडली. "मिस, मग ते दिवसभर करतात तरी काय?"

"कपाटाला फिरायला नेतात गं," तिच्या शेजारची म्हणाली.

बाईंनी डस्टर आपटलं, रोदैनाला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. रुमैसा वहीत काहीतरी लिहीत राहिली, मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. त्या आठवड्यात आली नाही, पुढच्याही नाही.

हजेरीचं काम बघणाऱ्या सुहैरबाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं. "सलग पंधरा दिवस झाले की नाव कमी. आज अकरावा. पुन्हा नाव घालायचं म्हणजे अर्ज, खेटे, बापाच्या दिवसभराच्या कामाचं खोबरं. ही माणसं नाही येत मग. पॉलिशच्या कारखान्यात मुली हव्याच असतात. पोरगी बरी आहे का अभ्यासात?"

"माझ्या विषयात पहिली."

"मग तर गेलीच समज. ढ पोरी अपमान चार दिवसांत विसरतात."

त्या गुरुवारी इन्शिराहबाई घरी इस्त्री करत उभ्या होत्या. नवऱ्याचे सदरे एकामागून एक होत होते आणि मनात तेच तेच घोळत होतं. आपण चूक काय शिकवलं? काहीच नाही. परीक्षेत उत्तर शून्यच आहे. तपासनीस आले असते तर पाठ थोपटली असती. मग हातातली इस्त्री थांबली. बावीस वर्षं. या गावात, दरवर्षी एका वर्गात चाळीस-चाळीस मुली. त्यात कपाट वाहणाऱ्याची मुलगी एकही नसेल? दरवर्षी एखादी तरी असणार. ती बाकीच्यांबरोबर हसली असेल आणि आपल्याला तेवढंच दिसलं असेल. सदऱ्याला करपल्याचा वास आला तेव्हा त्या भानावर आल्या.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मशब्बकचा, म्हणजे इथल्या जिलबीचा, पुडा घेऊन त्या रुमैसाच्या घरी गेल्या. दोन खोल्या, दोरीवर धुणं, भिंतीपाशी एक लाकडी बाक. तिचे वडील अतिया चटईवर पालथे पडले होते. पाहुणी बघून ते आधी गुडघ्यांवर आले, मग भिंतीला हात लावून एकेक टप्प्याने उभे राहिले.

"बसा मिस, बसा. मला जरा वेळ लागतो. पाठीवर कपाट नसलं की तोल जातो माझा."

"उस्ता अतिया, मी माफी मागायला आलेय."

"माफी? कशाची? अहो, मी पोरीला रोज विचारतो, आज काय शिकलीस म्हणून. त्या दिवशी तिने सांगितलं आणि मी इतका हसलो! आमचा मालक हेच म्हणतो की. सपाटीचं काही धरायचं नाही, मजला बोल. चौथा तर चौथ्याचा भाव, सातवा तर सातव्याचा. त्याआधी गल्ल्यागल्ल्यांतून किती फिरवलंस, ते कोण विचारतो? म्हटलं, बघ, मालक अडाणी नाही, पुस्तकात लिहिलेलंच बोलतो."

"हसलात ना तुम्ही," दारातून आवाज आला. रुमैसा चहाचे पेले घेऊन उभी होती. तिने वडिलांच्या पेल्यात चार चमचे साखर घातली आणि ती विरघळेपर्यंत ढवळत राहिली. मग बाईंकडे न बघता म्हणाली, "रोदैनाचं मला काही नाही मिस. ती माझ्या बुटांनाही हसते. पण मी घरी येऊन यांना विचारलं, बाबा, हे खोटं आहे ना? तर हे म्हणाले, खरं आहे. मालक म्हणतो शून्य, तुम्ही म्हणता शून्य, आता हेही तेच म्हणतात. मग मी रोज यांची पाठ कसली चोळते?"

बाईंनी पेला खाली ठेवला. "मी अर्धंच शिकवलं. कपाटाला ऊर्जा मिळाली नाही, एवढंच ते शून्य सांगतं. तुझ्या बाबांची ऊर्जा खर्च झाली नाही, असं नाही सांगत. कपाट तोलून धरताना स्नायू सारखे आवळतात, सैल पडतात, पुन्हा आवळतात. खाल्लेल्या घासातली, या साखरेतली ऊर्जा त्यात जाते आणि तिची उष्णता होते. म्हणून अंग तापतं, घाम येतो. ऊर्जा नाहीशी होत नाही, हा नियमच आहे. ती हवेत जाते."

"म्हणजे बाबा हवा तापवतात?"

"थंडीत या मिस आमच्या गल्लीत," अतिया म्हणाले. "शेकोटी फुकट!"

रुमैसा हसली नाही. "हरवत नाही म्हणता. मग परत मिळते का?"

बाईंना बरंच काही बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "नाही."

अतियांनी पेला एका घोटात रिकामा केला, तोंड पुसलं. "मला काय विचारत बसतेस? मी उचलणारा माणूस. यांना विचार. त्यासाठी शाळेत जावं लागतं, घरी बसून होत नाही."

"वर्गात सांगाल हे?" रुमैसाने बाईंना विचारलं. "सगळ्यांसमोर?"

"सांगेन."

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी शाळा भरली, तेव्हा ती आली. सुहैरबाईंनी रजिस्टरात खूण केली आणि इन्शिराहबाईंकडे बघून भुवया उडवल्या. दुसऱ्या तासाला बाईंनी फळ्यावर पुन्हा माणूस काढला. आज त्याला हातपाय जाड काढले, कपाळावर घामाचे थेंबही काढले. स्नायूंचं सांगितलं, घासाचं, उष्णतेचं. हवेचंही सांगितलं. वर्ग ऐकत होता. बाईंना वाटलं, जमतंय. तेवढ्यात रोदैनाने हात वर केला.

"मिस, हे परीक्षेला आहे?"

बाई म्हणाल्या, "नाही."

पेनं खाली ठेवल्याचे आवाज आले, पुढच्या बाकापासून मागच्यापर्यंत. मग रुमैसा उभी राहिली. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. "मग मिस, पेपरात हा प्रश्न आला तर काय लिहू?"

पेपर जिल्ह्याकडून यायचा, उत्तरंही तिकडूनच ठरून यायची. बाईंच्या बोटांत खडू ओला झाला होता.

"शून्य लिही," त्या म्हणाल्या.

"बरं," रुमैसाने म्हटलं, खाली बसली आणि वहीत लिहून घेतलं.

तिला पुन्हा कुणी चिडवलं नाही. दोन्ही सहामाहींना भौतिकात तीच पहिली आली. बाई तिला जास्तीची गणितं द्यायच्या, ती बिनचूक सोडवून वही परत करायची. उत्तराखाली रेघ ओढायची, बास. प्रश्न मात्र त्या रविवारनंतर तिने एकही विचारला नाही.

मे महिन्यात पुढच्या वर्षीचे फॉर्म आले, विज्ञान की कला. इन्शिराहबाईच वर्गशिक्षिका, त्यांची सही लागते म्हणून मुली रांगेत उभ्या होत्या. रुमैसाने फॉर्म ठेवला. खूण कलेवर होती. खाली बापाची सही, मोठी, एकेक अक्षर सुटं सुटं.

"खूण चुकून झाली का गं?"

"नाही मिस."

"शाळेत पहिली आहेस भौतिकात."

"माहितीये."

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझं तू बघ." मागून कुणीतरी धक्का दिला, तशी ती टेबलाला टेकली आणि जरा वाकून हळूच म्हणाली, "तुमच्यामुळे नाही हं, मिस."

बाईंनी तसं काही विचारलंच नव्हतं. त्यांनी फॉर्म सरळ केला, सही केली, खाली तारीख घातली. रुमैसा "शुक्रन" म्हणून निघाली. पुढची मुलगी पुढे आली, तिचा फॉर्म विज्ञानाचा होता, आणि बाईंना तिचं नाव दोनदा विचारावं लागलं.