रोज एक बाटली फिनेल

मार्थाबाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या बाळाला बघायला. पण हात धुवायला म्हणून मागे गेल्या आणि संडासातली फिनेलची बाटली उचलून बाहेर आल्या. "हे टाकीत ओतता?" मी हो म्हणाले. "मग टाकी मारताय तुमी. टाकीला पोट असतं, बाई. आत बारीक जीव असतात, ते घाण पचवतात. त्यांना वीख पाजलं तर काय पचंल?"

बेलापूरला तेव्हा सेप्टिक टाक्या मोजक्याच. एक आमच्या कारखान्याच्या क्वार्टरला, एक शेजारच्या तात्यासाहेबांच्या बंगल्याला. मार्थाबाई दवाखान्यातल्या नर्स, नगरच्या मिशनच्या इस्पितळात शिकलेल्या. राख टाकू नका, चिंध्या टाकू नका, न्हाणीचं साबणपाणी वेगळं काढा, अधूनमधून गाळ उपसा, हे सगळं त्या बाळाला गुटी कशी द्यायची त्याच सुरात सांगत. त्यांचे वडील दावीद हयातभर लोकांचे टोपलीचे संडास साफ करत आले होते. गाव त्यांना दाव्या म्हणे.

तात्यासाहेबांची सून बाळंतपणात अडली तेव्हा बाई दिवसभर तिच्या उशाशी होत्या. संध्याकाळी मुलगा झाला. बाई संडासला जाऊन आल्या आणि तात्यासाहेब अंगणात सगळ्यांदेखत कडाडले, "दाव्याच्या पोरीनं संडास बाटवला! फिनेल ओता!" गड्यानं अख्खी बाटली ओतली. बाईंच्या पदरावर तात्यासाहेबांच्याच नातवाचं रक्त होतं. बाईंनी पिशवी उचलली. कुंपणापाशी मलाच रडू फुटलं, तर म्हणाल्या, "रडताय कशाला? बघत ऱ्हावा."

थोड्या दिवसांनी बाई माझ्याकडे आल्या असताना तात्यासाहेबांनी कुंपणावरून हाक मारली. या माणसाला लाज कशी ती नव्हतीच. "बाई, टाकीला वास मारतोय. फिनेल कमी पडतंय का?"

"कमीच पडतंय, तात्यासाहेब. रोज एक बाटली टाका. शुद्ध राहील."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

उन्हाळा सरायच्या आत त्यांची टाकी तुंबली. मैला अंगणात आला, तुळशीवृंदावनापर्यंत पोहोचला. तात्यासाहेबांनी दावीदना बोलावणं धाडलं. म्हातारा सवयीनं बादली घेऊन आलाही. मागोमाग बाई आल्या. त्यांनी बापाच्या हातातली बादली काढून तात्यासाहेबांच्या पायाशी ठेवली.

"बापू उतरनार न्हाई. वस्तीतलंबी कुनी येनार न्हाई. तिथं घराघरात माज्या हातचं लेकरू हाय."

तात्यासाहेबांनी चिडून धोतर खोचलं, झाकण सरकवलं आणि आत पाय सोडणार तोच बाई ओरडल्या, "उतरू नका! आतल्या वायूनं मानूस जागच्या जागी मरतंय. झाकण उघडं ठेवा अन् लांबूनच दोरीनं बादली सोडा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमाला जगायचं हाय, तात्यासाहेब. लई वास घ्यायचा ऱ्हायलाय."

तात्यासाहेब उपसत राहिले आणि सगळी आळी बघायला लोटली. दावीद आमच्या ओट्यावर बसले. मी त्यांना आमच्या घरच्या कपबशीत चहा दिला. बाई मात्र नाकाला पदर न लावता शेवटची बादली निघेपर्यंत उभ्या होत्या.

पुढे सुनेला पुन्हा दिवस गेले. या वेळी तात्यासाहेब स्वतः टांगा घेऊन दवाखान्यात गेले. बाई आल्या, मुलगी सुखरूप झाली. बाईंनी हात धुतले आणि सगळ्यांदेखत अंगण ओलांडून संडासात गेल्या. आतून कडी लावली. तात्यासाहेब खाली मान घालून उभे होते. गडी त्यांच्या तोंडाकडे बघत होता, पण बाटली आणायला कोणी सांगितलं नाही.

बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. पिशवी उचलता उचलता म्हणाल्या, "गाळ वेळच्या वेळी काढत जा. आणि टाकीत फिनेल कधी टाकू नका, तात्यासाहेब. टाकी मरते."

तात्यासाहेबांनी झटकन मान वर केली. मी कुंपणापाशीच होते. त्यांचा तो चेहरा मी पोटभर बघून घेतला.