हिरड्याखालचा चकवा

मुळशीच्या जंगलात चकवा आहे, ही अफवा मी पसरवली. ती पसरवायला मला एकच अक्षर पुरलं. ते अक्षर होतं 'हं'.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्यांच्यावर लाल खूण करायची आणि गप्प बसायचं, हे माझं काम. स्वतःची चूक सापडली तर मी फक्त शेवटचा भाग पाळतो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मात्र आता सगळं सांगून टाकायचं ठरवलंय. (सांगून टाकायचं ठरवलंय म्हणजे काय, आता लपवण्यासारखं काही शिल्लकच राहिलेलं नाही. ते कसं, ते पुढे येईलच.)

माझे सासरे, म्हणजे अण्णा, नेऱ्याला राहतात. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. नोकरीत असल्यापासून गावोगावच्या विहारांत, शाळांत, पारांवर त्यांचं एक व्याख्यान ठरलेलं आहे: 'भूत, भानामती आणि चकवा'. जळता कापूर जिभेवर ठेवून दाखवतात, पाण्यानं दिवा पेटवून दाखवतात आणि शेवटी म्हणतात, "स्वतः तपासल्याशिवाय काहीही मानू नका. मी सांगतो म्हणूनही मानू नका!" त्यांच्यामुळे कित्येक गावांतल्या बायकांच्या अंगातलं वारं कायमचं गेलं. अशा माणसाला मी जावई मिळालो.

गेल्या हिवाळ्यात अण्णा म्हणाले, "दिलीपराव, मुळशीतल्या पायवाटा पायाखाली घालायच्यात. एकेक रविवार, एकेक वाट. गुडघे आहेत तोवर."

मी म्हणालो, "मी आहे ना. कॉलेजात असताना दहादा गेलोय त्या भागात."

(मी एकदाच गेलो होतो. तेही जीपमधून. आणि उलट्या होत असल्यामुळे पूर्ण वेळ डोळे मिटून.)

शैला, माझी बायको, म्हणाली, "अहो, वाडीतलं कुणीतरी सोबत घेऊया. त्यांना वाटा माहीत असतात."

"कशाला? यंत्र आहे की!" मी फोन वर धरून दाखवला. मुलीनं हॉस्टेलवरून एक ऍप पाठवलं होतं. डोंगरातल्या सगळ्या पायवाटा त्यात दिसतात. 'आधी घरी वाट डाउनलोड करून घ्या, तिथे रेंज नसते' असंही तिनं लिहिलं होतं. पण ते वाक्य दुसऱ्या ओळीत होतं. मी सूचनांची पहिली ओळ वाचतो.

पौड मागे टाकून, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आम्ही गाडी लावली आणि मी ऐटीत 'सुरू करा'वर बोट ठेवलं. दहा पावलं चाललो, तर पडद्यावर एक निळी रेष! आणि रेष नेमकी आमच्या पायाखाली!

"बघा अण्णा, काय अचूक! आपण चाललोय तिथूनच वाट जाते."

"वा!" अण्णा म्हणाले. "विज्ञान."

तासाभरात आम्ही एका मोठ्या हिरड्याच्या झाडाखाली पोचलो. गार सावली, खाली गवत चेपलेलं, जणू आमच्यासाठीच गादी घातलेली. तिथं बसून मेथीचे पराठे खाल्ले. उठलो, तर झाडापासून पाच वाटा फुटलेल्या. मी फोन काढला. निळी रेष डावीकडे जात होती.

(वाचकहो, ती डावीकडे जात नव्हती. ती डावीकडून आली होती. पण रेषेचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, हे तिच्यावर कुठं लिहिलेलं असतं?)

"डावीकडे!" मी म्हणालो.

कारवीच्या झुडपांतून वाकत, काटे सोडवत, मध्येच फुटणाऱ्या वाटांवर रेषेला विचारत विचारत (एका फाट्यावर ती सुटली, पण लगेच पुन्हा पायाखाली आली, म्हणून मी निश्चिंत) अर्ध्या तासानं आम्ही एका मोठ्या झाडाखाली आलो. हिरडाच होता.

"अहो, हे तेच झाड," शैला म्हणाली.

"छे! इथं हिरडे खूप आहेत."

"हिरडे खूप असतील. माझ्या पराठ्याच्या कागदाचा गोळा एकच होता." तिनं तो उचलून मला दाखवला आणि पिशवीत टाकला.

अण्णांचे डोळे चमकले. "योगायोग असेल. पण तपासू." त्यांनी खिशातला रुमाल फांदीला बांधला, वही काढली आणि लिहिलं: 'निरीक्षण एक.' मग मला विचारलं, "यंत्र काय म्हणतं?"

"यंत्र म्हणतं, आपण बरोबर वाटेवर आहोत."

ते खोटं नव्हतं. रेष अजूनही आमच्या पायाखालीच होती! आता तर दोन-दोन होत्या. मी मनात म्हणालो, जरा रुंद वाट दिसते.

पुन्हा अर्धा तास. पुन्हा हिरडा. फांदीवर रुमाल डोलत होता.

'निरीक्षण दोन,' अण्णांनी लिहिलं. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "दिलीपराव, आता उजवीकडची वाट घेऊ. मुद्दाम उलटी." घेतली. पण मध्ये फाटा आला की मी रेषेला विचारायचो, आणि रेष मला प्रेमानं परत आणायची. तिसऱ्या फेरीलाही तोच रुमाल दिसला तेव्हा अण्णा काही लिहायच्या आधी खाली बसले.

मी झाडामागे जाऊन फोन नीट पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा सूचनांची दुसरी ओळ वाचली: 'निळी रेष म्हणजे तुम्ही आतापर्यंत चाललेला मार्ग.' पडद्यावर रेषेची तीन वेटोळी झाली होती. हलवायाच्या कढईत सोडलेली जिलबी! दीड तास मी स्वतःच्याच मागे चाललो होतो, आणि बायको-सासरे माझ्या मागे.

आता पुढं येऊन सांगायचं, बस्स. तीन वाक्यं. मी पहिलं जुळवत होतो, तेवढ्यात कारवीतून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आली. वाडीतली. हिराबाई, असं तिनं नंतर सांगितलं. मोळी खाली टाकून तिनं आम्हाला निरखून पाहिलं.

"कवाधरनं बघतिया म्या वरनं. तिसऱ्यांदा हितंच आलासा. चकवा लागला व्हय?"

अण्णा ताडकन म्हणाले, "बाई, चकवा वगैरे काही नसतं!"

"मग कशापायी फिरतासा?"

अण्णांनी वहीची पानं उलटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शैलानं माझ्याकडे पाहिलं. हिराबाईनंही पाहिलं. "काय हो पावनं, चकवाच न्हवं?"

आणि मी म्हणालो, "हं."

शपथेवर सांगतो, तो होकार नव्हता. नकारही नव्हता. वेळ काढायचा आवाज होता तो. पण अण्णांचा चेहरा असा उतरला, जणू प्रयोगशाळेची चावी कुणी काढून घेतली.

"भिऊ नगा," हिराबाई म्हणाली. "अंगातलं उलटं करून घाला. आतलं भाईर. मग सुटतुया त्यो."

"मी ड्रेस उलटा घालू?" शैलानं विचारलं.

"तुमी वढणी उलटी घ्या, भागंल. ह्या बाप्यांनी शर्ट काढा."

"मी असलं काही करणार नाही," अण्णा म्हणाले. मग रुमालाची गाठ तपासून पाहिली. मग हळूच म्हणाले, "प्रयोग म्हणून करायला हरकत नाही. न तपासता नाही म्हणणं हीसुद्धा अंधश्रद्धाच." आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं शर्टाची बटणं सोडली. एकेक बटण माझ्या काळजातून निघत होतं!

मीही शर्ट उलटा केला. झालं काय, की खिसा आत गेला आणि खिशातला फोन छातीशी चिकटून बसला. रेषेला विचारायची सोयच राहिली नाही. हिराबाई मोळी उचलून वर निघून गेली. मी मान वर केली, तर झाडांतून खाली धरणाचं पाणी चकाकत होतं! सकाळपासून तिथंच होतं ते. मी पाण्याकडे तोंड करून उतरायला लागलो आणि वीस मिनिटांत आम्ही रस्त्यावर.

अण्णांनी वहीत लिहिलं: 'निरीक्षण चार: सुटला.'

चहाच्या टपरीवर हिंजवडीकडच्या पोरांचा एक घोळका होता. आमच्या शिवणी, लेबलं आणि लोंबते धागे बघून त्यातला एक म्हणाला, "अंकल, ये कोई नया ट्रेंड है क्या?"

"ड्रेसकोड है," शैला म्हणाली आणि चहात बिस्कीट बुडवलं.

त्यानंतरचा आठवडा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. शैलानं ही हकीकत सोसायटीच्या ग्रुपवर गंमत म्हणून टाकली. शनिवारी आमच्या सूसच्या सोसायटीतली आठ माणसं मुद्दाम चकवा बघायला मुळशीला गेली. जाताना लिफ्टमधूनच शर्ट उलटे घालून! परत आल्यावर म्हणाली, "काहीच झालं नाही. म्हणजे शर्टाचा उपाय जबरदस्त आहे."

पण खरी गोष्ट नेऱ्याला चालली होती. रविवारी तिथल्या विहारात अण्णांचं व्याख्यान होतं. शैला सांगत होती, "अण्णा जेवत नाहीत धड. वही उघडून बसतात. म्हणतात, तीन वेळा तपासलं, रुमाल बांधून तपासलं, आता लोकांना खोटं कसं सांगू? रविवारी म्हणे सगळ्यांसमोर हे वाचणार आणि व्याख्यानं थांबवणार."

मी फोन लावला. "अण्णा, ते... त्या दिवशीचं..."

"बोला दिलीपराव."

"...नेऱ्याला थंडी कशी आहे?"

"आहे," अण्णा म्हणाले. त्या एका 'आहे'मध्ये इतका थकवा होता, की मी स्वेटर घालून बसलो.

रविवारी विहार भरलेला. पुढं बायका, मागं पुरुष. "जय भीम, सर," म्हणत लोक पाया पडायला वाकायचे आणि अण्णा नेहमीसारखे त्यांना मध्येच धरायचे. आज कापूर नव्हता, दिवा नव्हता. टेबलावर फक्त ती वही. अण्णा उभे राहिले.

"मंडळी, इतकी वर्षं मी तुम्हाला सांगत आलो, की चकवा नसतो. आज मला जे सांगायचंय..."

माझे पाय माझ्या परवानगीशिवाय उभे राहिले.

"अण्णा, चकवा नव्हता!" मी ओरडलो. "मी होतो!"

सगळा विहार मागे वळला. आयुष्यात पहिल्यांदा मी सलग बोललो. जीप, मिटलेले डोळे, दुसरी ओळ, तोंड-शेपूट, सगळं. मग पुढं जाऊन अण्णांच्या हातात फोन दिला. त्यांनी चष्मा बदलला आणि जिलबीकडे बराच वेळ पाहिलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या फेरीला."

"त्या बाई यायच्या आधी, की नंतर?"

"...आधी."

शैलानं पहिल्या रांगेतून माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्या हिरड्याखाली कायमचं राहायला जावंसं वाटलं.

"म्हणजे मी थंडीत शर्ट काढला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

विहारात टाचणी पडली असती तरी मला लागली असती. अण्णांनी वही मिटली. त्यांच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. मला वाटलं, रडतायत. मी पुढं धावलो. माणूस हसत होता! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता! टेबल धरून त्यांनी श्वास घेतला आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांचा तो वर्गातला आवाज घुमला.

"मंडळी, बसा! व्याख्यान ठरल्याप्रमाणे होईल. त्या रानातल्या ढोरवाटा सगळ्या त्या एकाच झाडाकडे का येतात? कारण दुपारी गुरं तिथं सावलीला बसतात. गवत चेपलेलं होतं, मी पाहिलं नाही. ही माझी चूक. शर्ट उलटा केल्यावर चकवा का सुटला? कारण खिसा आत गेला आणि यंत्र बंद पडलं! आणि चकवा कुठं असतो?" त्यांनी माझा दंड धरला आणि मला टेबलाच्या पुढं उभं केलं. "हा असा असतो. नीट बघून घ्या. दिलीपराव, जरा वळा. मागच्यांना दिसू द्या."

मी वळलो. टाळ्या थांबेनात.

तेव्हापासून अण्णांची व्याख्यानं दुपटीनं वाढली आहेत. माझे सगळे रविवार गेले. कापूर होतो, दिवा होतो आणि शेवटी मला उभं करतात. शैला पहिल्या रांगेत बसते, मी एखादं वाक्य गाळलं तर खालून आठवण करते. गेल्या महिन्यात मुळशीतल्या एका वाडीत कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. माझ्या भोवती एक पूर्ण चक्कर मारली, पोटाकडे पाहिलं, टकलाकडे पाहिलं आणि मागच्या बायकांना म्हणाली,

"अगं बया, ह्यो व्हय चकवा? आन् ह्याला आमी इतकी वर्सं भ्यायलो?"