देऊळ नसलेल्या रानातली घंटा

देवावर माझा विश्वास तेव्हा बेताचाच होता. स्वतःच्या अकलेवर मात्र भरपूर. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि मी नागपूरहून शंकर नगरातल्या कचेरीत आलो होतो. त्या चैत्रात माझ्या बायकोला, सुमनला, अभनपूरच्या पुढे जंगलातल्या देवीला नवसाची घंटा वाहायची होती. गोल बाजारातून आणलेल्या त्या पितळी घंटेचा लोलक तिने लाल कापडाने बांधला होता. देवीला वाहण्याआधी वाजवायची नाही, हा तिचा नेम.

रुळलेली पायवाट सोडून जवळची वाट काढली ती मीच. एका कोरड्या नाल्यात उतरताना सुमनचा पाय मोडला. ऊन चढलं, पाणी संपलं, तिचे ओठ पांढरे पडू लागले. मोहाची फुलं गळायच्या दिवसांत ती खायला अस्वलं फिरतात, त्यामुळे तिला एकटं सोडून जायची हिंमत होईना. मोबाइल आमच्याकडे नव्हता. कुणाला तरी दिसावा म्हणून मी पाला पेटवून धूर केला. तासभर कोणी आलं नाही. काठावर चढून पाहिलं तर रानात जागोजागी धूर. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक मोहाखालचा पाला जाळत होते; माझा धूर त्यातलाच एक. खाली येऊन मी रडलो.

"घंटा काढा," सुमन म्हणाली.

"अन् नेम?"

"आईले लेकराची हाक उष्टी लागते काय? वाजवा तुम्ही."

तीनदा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीनदा. हात भरून आले. देवीचं नाव तोंडात कधी आलं, कळलं नाही.

बऱ्याच वेळाने काठावर टोपली घेतलेली एक बाई दिसली. "इहाँ तो मंदिर नइ हे, फेर घंटी काबर बाजत हे कहिके आयेंव," ती म्हणाली. देऊळ नसताना घंटा कशी, म्हणून ती शोधत आली होती. तिने सुमनला पाणी पाजलं, लांब हाळी दिली, आणि जवळच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायका खाट घेऊन धावल्या. दगडाधोंड्यांतून त्यांनी तिला सडकेपर्यंत इतकं अलगद नेलं की मी बघतच राहिलो. त्यांची वेचलेली फुलं मागे उघड्यावर राहिली, गुरं खाणार हे दिसत होतं, तरी एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.

सुमन घरी आल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "दर्शन तर राहूनच गेलं असन ना?"

"नाही वो," सुमन म्हणाली. "आईच आली होती घ्यायले."

एरवी मी तिची चेष्टा केली असती. त्या दिवशी मी तिच्या शेजारी बसलो आणि हात जोडले.