पाणी न सुटलेलं दही

"पाणी का नाही सुटलं, तेवढंच सांगा."

"चांगल्या दह्याला पाणी सुटत नाही."

"काल दुपारी सुटलं होतं. मी स्वतः झाकण काढून बघितलं, वर पाणी तरंगत होतं. आज तेच दही आरशासारखं सपाट. रात्रीतून संस्कार झाले का त्याच्यावर?"

"फ्रीज गार असेल," बाबा म्हणाले, आणि पुढचं आता त्यानंच सांभाळून घ्यावं अशा नजरेनं त्यांनी फ्रीजकडे बघितलं.

हे चाललं होतं आमच्या स्वयंपाकघरात, सकाळी, नाश्त्याच्या बश्या अजून टेबलावरच होत्या तेव्हा. एका बाजूला माझी ताई, हातात दह्याचा डबा. समोर बाबा, हातात मऊ रबरी चमचा. आणि मधे उंच खुर्चीत ताईची लेक ढब्बू, सात महिन्यांची, गळ्यात लाळेरं बांधून तयार. आज तिच्या आयुष्यातला दह्याचा पहिला चमचा होता आणि तो आजोबांनी भरवायचा असं ठरलं होतं. मोठ्यांचं काय बिनसलंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. चमचा डावीकडे गेला की तिचं उघडं तोंड डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे.

त्या एका चमच्यासाठी बाबा एवढे का अडून बसले होते, ते त्यांची नोकरी माहीत असल्याशिवाय कळायचं नाही.

बाबा दह्याच्या कारखान्यात चव बघायचे. जन्मभर तेच. ऐकणाऱ्याला वाटायचं, वा, काय चैन आहे. पण चवखोली म्हणजे एक पांढरी, वास नसलेली, खिडकी बंद केलेली खोली, आणि तिच्यात लाल दिवा. लाल अशासाठी, की दह्याचा रंग दिसू नये आणि डोळ्यांनी जिभेला फितवू नये. आधी कोमट पाण्याची चूळ. मग चमचाभर दही जिभेवर घ्यायचं, टाळूला दाबायचं, नाकानं श्वास सोडायचा, आणि शेजारच्या बेसिनमध्ये थुंकायचं. गिळायचं नाही. गिळत बसलं तर दुपारपर्यंत जीभ म्हणजे पायपुसणं होतं, असं ते सांगत. कारखान्यात त्यांना सगळे जीभसाहेब म्हणायचे.

जिभेचे लाड घरानं पुरवले. सकाळी कॉफी बंद, कांदा बंद, वासाचा साबण बंद. लोक नवऱ्याची दारू सोडवतात, यांनी माझं अत्तर सोडवलं, असं आई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. ताईच्या सासरी आम्ही पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा बाबांनी पहिला घास तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि सवयीनं उठून बेसिनकडे निघाले. आईनं शर्टाचं टोक धरून त्यांना खाली बसवलं आणि दातांतल्या दातांत म्हणाली, "गिळा." त्या भाजीत नेमकं काय कमी पडलं होतं, हे विहीणबाई आजतागायत विचारतात.

पण बाबांचं खरं कर्तृत्व म्हणजे अस्वल. मुलांसाठीचं गोड दही, डब्यावर हसरं अस्वल. त्याची चव बाबांनी बसवली होती: गुलाबी स्ट्रॉबेरीचं एक आणि पांढरं व्हॅनिलाचं एक. साय काढलेल्या दुधाचं, पण घट्ट, गुळगुळीत. त्यात थोडं कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्याचं पीठ, असं मिसळलेलं असायचं की डबा आठवडाभर उघडा ठेवला तरी वर पाण्याचा थेंब यायचा नाही. दह्याला पाणी सुटणं ही बाबांच्या मते बदनामी होती. इतर लोक ज्या सुरात पोरगी पळून गेल्याचं सांगतात, त्या सुरात ते म्हणायचे, "त्या दुसऱ्या कारखान्याच्या दह्याला पाणी सुटतं म्हणे."

कारखान्यातून पोचे आलेले डबे घरी यायचे. मी आणि ताई अस्वलावरच वाढलो. दंतवैद्य आम्हाला बघून उठून उभा राहायचा. आमच्या दोघींच्या दाढांवर त्याची एक खोली तरी बांधून झाली असावी.

मग बाबा निवृत्त झाले आणि जिभेला काम उरलं नाही. नळाच्या पाण्यावर ते अभिप्राय देऊ लागले. दुकानात गेले की दह्याच्या कपाटापाशी उभे राहायचे आणि पाठमोरी ठेवलेली अस्वलं एकेक करून वळवायचे, सगळ्यांचे चेहरे पुढे. तिथल्या पोरीला आधी वाटलं, काही चोरतायत. आता ती त्यांना खुर्ची देते.

आणि मग ढब्बू झाली. बाबांनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाच जाहीर केलं की हिचं पहिलं दही अस्वलाचं.

डॉक्टरीणबाईंनी त्यावर पाणी फिरवलं. त्या म्हणाल्या, दही आता द्यायला हरकत नाही, पण साधं, बिनसाखरेचं, आणि फुल फॅट, कारण या वयात वाढीला स्निग्ध पदार्थ लागतात. मुलांचं म्हणून जे विकतात त्याच्या पुढच्या चित्राकडे बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. दूध आणि विरजण, एवढंच लिहिलेलं असेल तर घ्या. ताईनं हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र उंच धरलं. पुढचं चित्र म्हणजे त्यांचं अस्वल.

तो आठवडा मग घरात दह्याचाच गेला. बाबा म्हणाले, साध्या डब्याच्या मागेही साखरेचा आकडा असतो. ताई म्हणाली, ती दुधातली मूळची, वरून घातलेली कुठे आहे ते दाखवा. बाबा म्हणाले, आंबट दिलं तर पोर दह्याचं नाव काढणार नाही. ताई म्हणाली, तिला अजून गोड माहीतच नाही, तर आंबट कशाला म्हणतात हे तिला कोण सांगणार. शेवटी आईनं तोड काढली: दही ताईचं, चमचा बाबांचा. ताईनं काल साध्या दह्याचा डबा आणला, उघडून बघितला, आणि फ्रीजमध्ये ठेवला. नवा पदार्थ सकाळी द्यायचा, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं.

तर आता सकाळ झाली होती, डबा तोच होता, आणि पाणी गायब होतं.

ताईनं डब्यात बोट बुडवून चाटलं. घाई केली नाही. टाळूला दाबलं, नाकानं श्वास सोडला. शेवटी लेक कोणाची.

"व्हॅनिला," ती म्हणाली. "कॉर्नफ्लोअर घातलेलं. अस्वल."

बाबांनी चमचा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

मग सगळं बाहेर आलं. काल संध्याकाळी आम्ही ढब्बूला फिरवायला बाहेर नेलं, तेवढ्या वेळात जीभसाहेबांनी साधा डबा रिकामा केला होता आणि त्यात अस्वल भरलं होतं. वर चमच्याची पाठ फिरवून दही कारखान्यातल्यासारखं सपाट करून ठेवलं होतं. एवढी सफाई, की कोणालाही कळलं नसतं. पण त्यांच्या दह्याला पाणी सुटत नाही, हे त्यांनीच आम्हाला लहानपणापासून पढवलं होतं.

बाबांनी बाजू लढवली. साखर अगदी थोडी आहे म्हणाले. तुम्ही दोघी त्यावरच मोठ्या झालात ना, म्हणाले. ताईनं आ वासला आणि गालात बोट घालून दाढ दाखवली. मग त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं: दोन्ही दह्यांचा एकेक चमचा देऊ, ढब्बूच ठरवेल.

"ढब्बू? ती काल तुमची चप्पल चाटत होती, बाबा. तीही तिला आवडली."

मला हसू आवरेना. बाबा मात्र हसले नाहीत. चमच्याकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या हातचं तेवढंच आहे गं. लोक घर बांधतात, झाडं लावतात. मी हे केलं. तिनं एकदा खावं, एवढंच वाटत होतं."

ताईचा हात डब्यासकट खाली आला. ढब्बूनं खुर्चीच्या फळीवर मूठ आपटली.

"बरं," ताई म्हणाली, सूर एकदम निवळलेला. "पण मी आणलेलं साधं दही कुठे टाकलंत? सिंकमध्ये ओतलंत?"

"ओतू कसा?" बाबा दुखावले. "काय दही होतं ते. साईचं, दाट, शेवटी जिभेच्या कडेला बारीकसा आंबटपणा. असलं दही ओतायला मी काय," आणि तिथे त्यांची गाडी थांबली.

आई इतका वेळ खिडकीशी बसून ढब्बूच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. "खाल्लं त्यांनी," ती म्हणाली. "मीठ-मिरी भुरभुरून. वाटी इतकी पुसून ठेवली होती, मला वाटलं धुतलेलीच आहे."

मी ताईकडे बघितलं, ताईनं माझ्याकडे. आमच्या लहानपणीचं टेबल आम्हा दोघींना एकाच वेळी आठवलं असणार. आमच्यापुढे दोन अस्वलं, आणि बाबांपुढे काचेची वाटी, तिच्यात साधं दही, वर मीठ आणि मिरी. रोज. वर पाणी सुटलेलं. ते पाणीही ते वाटी तोंडाला लावून प्यायचे. आम्हाला वाटायचं, बिचारे बाबा, चांगलं सगळं आपल्याला देतात.

ताईनं डबा टेबलावर ठेवला. ती रागावली नव्हती. ढब्बूला काही समजावताना बोलते तसंच, हळू बोलली.

"बाबा, तुम्ही अस्वल कधी गिळलंय?"

बाबांनी रबरी चमचा ढब्बूच्या मुठीत दिला. तिनं तो लगेच उलटा धरून तोंडात घातला. मग त्यांनी टेबलावरचा डबा उचलला, आतलं अस्वल सिंकच्या कडेला असलेल्या भांड्यात काढलं, डबा विसळला, मागची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर चढवून नीट वाचली, आणि रिकामा डबा खुंटीवरच्या पिशवीत टाकला. पिशवी हातात घेतली, चपला घातल्या. आईनं विचारलं, छत्री हवी का. ताईनं पुन्हा हाक मारली, "बाबा?"

दार त्यांनी हळूच ओढून घेतलं, आणि जिन्यावरून त्यांच्या चपला खाली उतरत गेल्या.