चार नंबरची बाटली

बायकोची गाठ काढल्यावर पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सहा केमो सांगितल्या, एकवीस-एकवीस दिवसांनी. पहिली झाली आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. पूर्वी मोसंबी नाहीतर ग्लुकोजचा डबा न्यायचे. आता अँटिऑक्सिडंट आणतात.

येडगावच्या बहिणीने गोळ्या आणल्या. पिंपळवंडीच्या मेव्हण्याने आवळ्याचा आणि कसल्याशा बियांचा अर्क आणला.

"दाजी, ह्याच्यानं पेशींना लई ताकद येती. मोबाईलवर बगितलंय मी."

दुसऱ्या केमोपर्यंत नऊ बाटल्या झाल्या. मी मार्करने झाकणांवर एक ते नऊ आकडे घातले आणि वही केली.

आम्ही द्राक्षवाले. बागेवर बुरशीनाशक मारायचे असले की त्याच टाकीत टॉनिकही ओततो. एका फेरीत दोन कामे. तोच हिशेब मी घरात लावला. केमो हे औषध, बाटल्या हे टॉनिक. सुरुवात चार नंबरपासून केली, म्हणजे बहिणीच्या गोळ्यांपासून. साठ गोळ्यांची बाटली, रोज दोन, अकरा दिवस. बायको म्हणाली, "आधी डॉक्टरला तरी विचारा." मी म्हणालो, "टॉनिकला काय विचारायचं?"

तिसऱ्या केमोच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारले, "घरी आणखी काही घेता?" मी अभिमानाने वही पुढे केली. त्यांनी ती वाचली आणि चष्मा काढला.

"काका, यांच्या औषधातलं एक औषध पेशीच्या आत ऑक्सिडेशनचा ताण वाढवतं. त्या ताणानं कॅन्सरच्या पेशी मरायला मदत होते. तुमच्या गोळ्या नेमका तो ताण कमी करतात. चांगल्या पेशीतला आणि वाईटातलाही. गोळीला घर ओळखता येत नाही."

मी विचारले, "म्हणजे दुसरी केमो वाया गेली?"

"तसं म्हणता येत नाही. किती फरक पडतो, ते कुणीच नक्की सांगू शकत नाही. म्हणून तर जोखीम नको. जेवणात आवळा, डाळिंब खुशाल खा. गोळ्या आणि अर्क बंद."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "आलं लक्षात? किडीवर फवारा आणि किडीलाच टॉनिक! बावीस गोळ्या चारल्यात."

"एकवीस," मी म्हणालो. "एक उलटीत पडली होती."

ती हसली. मला हसू येईना. आयुष्यभर मी आकड्यांवर चाललो आणि जिथे हवा होता तिथेच आकडा नव्हता.

घरी आलो तर बाटल्यांचा प्रश्न. कुणी प्रेमाने आणलेले टाकवत नाही. तो बायकोने सोडवला. भेटायला आलेल्या सवाष्णीची ओटी भरताना खण, नारळ, तांदूळ यांच्याबरोबर ती एक बाटली घालू लागली. "तुला कुठं केमो चालू आहे? घे." ज्या घरातून आली त्याच घरी परत जाऊ नये, एवढे मी वहीत बघून सांगायचो. फोडलेली चार नंबरचीही माझ्या भावजयीच्या ओटीत गेली. महिन्याभरात फळी रिकामी झाली.

सहावी केमो झाली. तपासणीचे कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सध्या काही दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा या." मी तोंड उघडले, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "काका, त्या गोळ्यांचं आता विचारू नका."

त्याच आठवड्यात बायकोची लांबची मावशी ओझरच्या गणपतीचा प्रसाद घेऊन आली. प्रसाद देऊन झाल्यावर तिने पिशवीतून एक बाटली काढली. "शक्तीची हाये गं. मलाबी ओटीतच आली व्हती."

झाकणावर माझ्याच अक्षरात चार.

मावशी गेल्यावर मी गोळ्या ताटात ओतून मोजल्या. साठातून बावीस गेल्या, अडतीस हव्यात. अडतीसच भरल्या. निदान दोन घरे फिरून आली होती आणि कुणी एक गोळी तोंडात घातली नव्हती.

"सगळे शहाणे आहेत," बायको म्हणाली. "खाणारी मी एकटीच निघाले."

तिने वही मागून घेतली आणि ताटातल्या गोळ्यांसकट कचऱ्याच्या डब्यात टाकली.