वेळेवर न बोलणारा

बायको विद्यापीठात मध्ययुगीन इंग्रजी शिकवायची. नोकरी तात्पुरती, दर वर्षी नव्याने मुलाखत. पंजाबातल्या दहशतवादाची ती वर्षं होती. चंदीगडमध्ये मधूनच संचारबंदी लागे, बस बंद पडत, चौकात वाळूच्या पोत्यांआड जवान उभे असत.

त्याच काळात आमच्या घरात ‘डॅफ’ हा शब्द आला. एकदा रेहडीवाल्याने, म्हणजे हातगाडीवरच्या भाजीवाल्याने, मला वाटाणे कमी तोलून दिले. मला ते तिथंच कळलं होतं. मी घरी येऊन पुन्हा तोलले आणि बायकोला फरक सांगितला.

“मग त्याला का नाही सांगितलंत?”

“गर्दी होती.”

“तुम्ही डॅफ आहात,” ती म्हणाली. मध्ययुगीन इंग्रजीत डॅफ म्हणजे मूर्ख, बावळट.

“म्हणजे आपला ढ.”

“नाही हो. ढ माणसाला येतच नाही. डॅफला सगळं येतं, पण तो वेळेवर बोलत नाही. त्या काळच्या एका शब्दसंग्रहात असाच अर्थ दिलाय.”

हा अर्थ मला इतका चपखल बसला की मी रागावलोही नाही. पुढे ती चहा हातात देतानाही ‘घ्या, डॅफ’ म्हणू लागली.

एका दुपारी बाजारात गोळीबार झाल्याची बातमी आली आणि बस थांबल्या. संध्याकाळी संचारबंदी लागणार होती. तिला आणायला मी स्कूटर काढली. विद्यापीठ चौदा सेक्टरमध्ये, आम्ही पंधरामध्ये, रस्ते सरळ आणि चौकोनी. चुकामूक व्हायला वावच नाही, असा माझा हिशेब. हिशेबात मी एकच फाटक धरलं होतं. तिथं उभा राहिलो. मुलं पांगली, चहावाल्याने स्टोव्ह विझवला, आत कोणी उरलं नाही. तिला काही झालं असेल तर, हा विचार येऊ लागला तसा पोलिसाने मला घरी पिटाळलं.

ती आमच्याच दाराशी उभी होती. दुसऱ्या फाटकातून एका सहकारी बाईंच्या गाडीने आली होती. तिचा हात धरून समोरच्या घरातल्या आजी; त्यांना सगळे बीजी म्हणत.

“डॅफ,” ती म्हणाली. आवाज मात्र रडवेला होता.

“ये डॅफ क्या होता है, पुत्तर?” बीजींनी तिला विचारलं.

“जो वक्त पर नहीं बोलता, बीजी.”

“अच्छा. कमला,” बीजी म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली. आमच्याकडे कमला हे बाईचं नाव, पंजाबीत खुळ्या माणसाला प्रेमाने म्हणतात.

बीजी घरी गेल्यावर मी बोललो. “तू ही नोकरी सोडावीस, असं मला महिनाभर वाटतंय.”

“महिनाभर?”

“हो.”

तिने चपला काढल्या, त्या जागेवर नीट ठेवल्या. “मी सोडणार नाही. एकदा सोडली तर पुन्हा मिळायची नाही.”

ते खरं होतं. मीही तो हिशेब करून पाहिला होता.

“बरं,” मी म्हटलं. “मग असं काही झालं तर कुठेही निघू नकोस. विभागातच थांब. मी आत येईन, फाटकाशी उभा राहणार नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “हे वेळेवर बोललात,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.